सामू

दिंडोरीकडच्या वायनरीत
मी नाकाची नोकरी करते.
टाकीच्या तोटीखाली ग्लास धरायचा, गोल फिरवायचा,
नाक आत घालायचं आणि वहीत लिहायचं:
पेरू. ओला पुठ्ठा. जुनं लोणी.
(दिवस गेल्यापासून फक्त हुंगते, घोट घेत नाही.)
लोणी लिहिलं की साहेब धावत येतात,
म्हणजे ते शिरलेत, लॅक्टोबॅसिलस.
भिंगाखाली आडवेतिडवे,
सांडलेल्या आगकाड्यांसारखे.
सहा वर्षं मी त्यांच्या मागावर आहे.
गंधक, उकळतं पाणी, ब्रश,
पुन्हा उकळतं पाणी.

सातव्या महिन्यात
माझ्याच अंगाला एक वास आला.
पेरू नाही. पुठ्ठा नाही.
मासळीच्या पाटीखाली साचलेलं पाणी, दुपारचं.
शंभर वासांना नाव देणारी मी,
याला दिलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, अंगावरून जातंच गं बाईच्या.
मग मेडिकलमधून गुलाबी बाटली आणली
आणि टाकी धुतात तसं धुतलं,
आतपर्यंत,
दिवसातून दोनदा.

एकतिसावा आठवडा लागला त्या मंगळवारी
अकरा नंबरच्या टाकीसमोर पाय भिजले.
वाटलं, पाइप निसटला.
आमच्याकडे फरशी कायम ओलीच असते.
कॉक फिरवला. पाणी थांबेना.
खाली वाकून पाइप हातात घेतला तर
तो कोरडा.

सिव्हिलमध्ये डॉक्टर गायखे यांनी
पिवळी पट्टी लावली. ती निळी झाली.
मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.
निळा म्हणजे सामू सातच्या आसपास,
आणि तिथे साडेचारच्या खाली हवा,
आंबट, राखलेला.
कोण राखतं?
त्या हातमोजे काढत म्हणाल्या,
तुझ्याच ओळखीचे. लॅक्टोबॅसिलस.

मला हसू आलं. टेबलावर, पाय वर असताना.

ते पांगले की दुसरे गर्दी करतात,
कधी वर चढतात,
कधी पिशवीचा पडदा विरत जातो.
कधी, त्या म्हणाल्या. नेहमी नाही.
पुष्कळ जणींना हेच असतं आणि काही होत नाही.
आणि बाटलीमुळेच झालं
असं मी लिहून देणार नाही, तूही मनात लिहू नकोस.

द्राक्षाचा मणी तडकतो ना,
रात्री गारठा, सकाळी ऊन,
कारण विचारा,
बागाईतदार आधी पाण्याचं बोलतो, मग कॅल्शियमचं,
मग नुसताच मण्याकडे बघत बसतो.

बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन सुया.
अँटिबायोटिक, सहा-सहा तासांनी.
खिडकीत त्र्यंबक रोडचे हॉर्न.
हेमराज डब्यात दही आणतो,
कुणीतरी सांगितलंय त्याला.
ते तिथे जात नाही रे, मी म्हणते,
आणि बोट फिरवून डबा चाटून पुसते.
रात्री त्या काड्या डोळ्यांसमोर येतात.
ज्यांना उकळून मारलं
त्यांना परत या म्हणायला तोंड नाही.

पहाटे चारला सिस्टर ढिकले
पॅड ट्यूबलाइटखाली धरतात.
रंग? मी विचारते.
नाही.
वास?
त्या थांबतात. तूच बघ, म्हणतात,
मला सर्दी झालीय.

सहा वर्षांत पहिल्यांदा
भीत भीत नाक पुढे करते.
काही नाही.
पुन्हा काही नाही.
मग खूप आत, किंचित गोड,
धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखं.

वही कामावर राहिली.
केसपेपरच्या मागे लिहिते:
बत्तीस आठवडे, दोन दिवस.
स्वच्छ.
लिहिताना बरगडीखाली एक टाच लागते.
अजून उघडायची नाही, मी सांगते,
साहेबांच्या आवाजात.