पहिला हक्क

लखोटे मीच फोडते.
एमेटचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे,
आणि डाव्याने तो असा फाडतो
की आतला आकडाही मधोमध फाटतो,
मग चिकटपट्टी लावून वाचावा लागतो.

ऑगस्टातली दुपार, ब्यूमाँटमधली,
पिळायचा राहिलेला टॉवेल तोंडावर टाकावा तशी हवा.
किराणा दुकानासमोर एक पिकअप मागे आला, मागे न बघता.
एमेटच्या काखेत कलिंगड होतं.
त्याला वाटलं, कलिंगड फुटलं.
तीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावणारा माणूस,
आवाज कुठून आला
यात पहिल्यांदाच फसला.

एक रात्र इस्पितळात. दोन खिळे, एक पट्टी.
तेवीस हजार चारशे अठरा डॉलर.

टिबोडो वकीलबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
इस्पितळाने कोर्टात कागद नोंदवलाय. बोजा.
घरावर नाही, गाडीवर नाही,
त्या पिकअपवाल्याच्या विम्याकडून जे मिळेल, त्यावर.
मी म्हटलं, पण अजून तर काहीच मिळालं नाही.
त्या म्हणाल्या, म्हणूनच.

गाय व्यायची आहे,
आणि वासराच्या गळ्यात
दुसऱ्याचं दावं आधीच बांधून तयार.

मी रोज सकाळी नऊला फोन लावायचे.
तिकडे वाट बघताना पियानो वाजायचा,
तेच बारा सेकंद, पुन्हा, पुन्हा.
एमेट कॉफी ढवळता ढवळता म्हणाला,
वरचा एक सूर उतरलाय त्यांचा,
सांग त्यांना, मी फुकट लावून देतो.
त्या आठवड्यात
आम्ही तेवढंच हसलो.

अकराव्या दिवशी ओडेलिस नावाची मुलगी होती.
तिने नियम वाचून दाखवले, सगळे, एका दमात.
मग आवाज खाली आणून म्हणाली,
मॅडम, तपशीलवार बिल मागा. ओळ न् ओळ.
आणि लगेच मोठ्याने: आणखी काही मदत करू शकते का?

नऊ पानं आली.
एक गोळी, अठरा डॉलर.
मोज्यांची जोडी, ज्यातला एकच त्याने घातला होता.
आणि सातव्या पानावर, मधेच:
मनगटाचा आधारपट्टा, डावा.
एमेटने डावा हात टेबलावर ठेवला, दिव्याखाली.
आम्ही दोघांनी वाकून पाहिला,
नवीन जन्मलेलं काही पाहावं तसा.
ठणठणीत होता.

सहा महिने लागले.
विम्याने दिले तीस हजार. त्यातला तिसरा हिस्सा वकीलबाईंचा,
त्यांनी भांडून भांडून इस्पितळाला अकरावर आणलं,
अँब्युलन्सवाले वेगळे, एक्स-रे बघणारा डॉक्टर वेगळा
(आम्ही त्याला कधी पाहिलंच नाही),
झेरॉक्स आणि टपालही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं होतं.
उरले सहा हजार शंभर.
एमेट म्हणाला, मनगटाचे?
मी म्हटलं, नाही, उरलेल्याचे.

बोजा उतरल्याचा कागद आला, शिक्क्याचा.
तो मी आमच्या लग्नाच्या दाखल्यामागे ठेवलाय.
का ते विचारू नका, दुसरी जागा सुचली नाही.

मार्चमध्ये त्याने चर्चचा पियानो लावायला घेतला.
एरवी दोन तासांचं काम,
मी दुपारी डबा नेला, संध्याकाळी परत थर्मास नेला.
किल्ली फिरवताना शेवटचा केसभर वळसा
मनगट देत नाही.
तो थांबतो, फुंकर घालतो, पुन्हा धरतो.

रविवारी मिसेस अर्सेनो वाजवायला बसल्या.
वरचा एक सूर किंचित खाली होता.
त्या कडव्यात तो तीनदा येतो.
एमेट खिडकीबाहेर बघत राहिला.
मी पुस्तकाचं पान उलटलं,
अजून वेळ होता तरी.