३३१

कुंडईच्या शेडमध्ये माझं काम वजनाचं.
गोणीवर निळी अक्षरं, ट्रायसोडियम सायट्रेट,
त्याखाली आकडा : ३३१.
शंभर किलो चीजला अडीच किलो.
चिमूटभरही इकडंतिकडं नाही.

पहिल्याच दिवशी मिलाग्रीना म्हणाली, चाख.
मला वाटलं आंबट असणार,
नावावरून तरी लिंबाच्याच घरचं.
जिभेवर आलं ते गार, खारट,
मिरामारला संध्याकाळी ओठ चाटावेत तसं.
ती हसली :
लिंबू यानं बघितलेलंसुद्धा नाही गो.
उसाच्या मळीवर काळी बुरशी वाढवतात,
ती आंबट घाम गाळते,
मग सोड्यानं त्या घामाचा राग काढतात.
उरतं ते हे.

कढईत चीज वितळतं तेव्हा
तूप वर येऊ बघतं, पाणी तळाला,
प्रत्येकाला आपापला वाटा हवा.
मी गोणीतलं मीठ ओतते.
ते कुणाची समजूत घालत नाही,
दोघांमधला चुना तेवढा
गुपचूप काढून घेतं.
पाच मिनिटांत सगळं एकजीव, चकचकीत.

आई फोंड्याच्या बाजारात आगळ विकते,
जुन्या बाटल्यांतून, बिनआकड्याचं.
एकदा विचारलं तिनं, तुमी फॅक्टरींत कितें घालतात?
म्हटलं, मीठच.
मीठ हांवूय घालतां, म्हणाली,
आणि बूच घट्ट दाबलं.

चैतात बाबांचं ऑपरेशन झालं, बांबोळीला.
रक्त द्यायला काका आला.
बांध सरकला त्या वर्षापासून
तो आमच्या अंगणात चढला नव्हता.
खाटेवर आडवा, नजर पंख्याकडे.
खाली त्याच्या रक्ताची पिशवी
एका छोट्या यंत्रावर झुलत होती.
लेबलावर ओळखीचं नाव दिसलं.
मी नर्सला विचारलं, हे इथं कशाला?
गोठू नये म्हणून, ती म्हणाली,
हलवत राहावं लागतं, नाहीतर मिसळत नाही.

सवयीनं मी नजरेनंच तोललं :
साडेतीनशे मिली, थोडं वरच.

काकानं बाकावर बसून
बिस्किटाचा पुडा फोडला,
एक मला दिलं.
पुड्यामागचे आकडे मी वाचत होते
तेव्हा त्यानं भिंतीला विचारावं तसं विचारलं,
वरच्या बागेतले बोंडू
यंदा कोणी वेचले?