तिसरा हात

पुन्ता अरेनासला वारा झोपतो
तो पहाटे चार ते सात, तेही डिसेंबरात, तेही त्याच्या मनात आलं तर.
म्हणून साडेतीनला उठायचं.
शेडच्या फटींत जुने मोजे कोंबायचे,
जमिनीवर पाणी शिंपडायचं, धूळ बसावी म्हणून,
काचांवर वर्तमानपत्र डकवायचं.
मागच्या काचेवर कुणी मंत्री उलटा लटकलाय.

फोमचा रोलर, चार इंची.
भावाच्या बोटीचा उरलेला इनॅमल, नारिंगी,
समुद्रात हरवलं तरी सापडावं असा.
आणि ज्या बादलीत बाळाला आंघोळ घातली ती,
त्या बाळाला आता दाढी आहे.

आठ दिवस मी फियाट घासली, पाणी मारून,
गोल नाही, सरळ.
पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली करडा.
चाकावरच्या कमानीत मीठ होतं, पत्रा बिस्किटासारखा.
तिथे लांबी भरली, वाळली, घासली,
बोटाला लागेनाशी होईतो.
डोळा फसतो. बोट नाही.

नवव्या दिवशी डाव्या दारावर
करड्यातून आकडा वर आला: ४१.
त्याखाली पुसट, टॅक्सी.

एलिओदोरो मातेचा पेला घेऊन आला तो उभाच राहिला.
सव्वीस वर्षं सांगत आलाय:
एका डॉक्टरीणबाईंची गाडी, रविवारी चर्चपुरती,
एकाच हातातली.
माझ्या भावांना सांगितलं, पाद्र्याला सांगितलं,
पोर्वेनीरच्या बोटीत चढताना ती बंद पडली
तेव्हा मागच्या ट्रकवाल्यालाही.

त्याने आकड्यावर अंगठा फिरवला.
"डॉक्टरीणबाई," म्हणाला, "फावल्या वेळात..."
पुढे सुचेना.
मी पेला घेतला, एक घोट ओढला, परत दिला.

पहिला हात पातळ, दुधासारखा.
खालचं सगळं दिसत होतं.
दुसऱ्या दिवशी दुसरा, आडवा.
रोलर दाबायचा नाही, त्याच्या वजनानं जाऊ द्यायचा.
बुडबुडे येतात, आपोआप फुटतात,
फुंकर मारायची नाही.
(एलिओदोरोने मारली.)
४१ तरी होताच, तापात अंगावर पुरळ दिसावं तसा.

आज उठले तर तो आधीच शेडमध्ये,
रोलर हातात, डाव्या दारापुढे.
तिसरा हात त्याचा.
इतका रंग दिला की कडेला ओघळ आला.
साडेसहाला वारा उठला, मोजे उडाले,
बॉनेटवर गवताचं एक कुसळ येऊन चिकटलं.

गाडी आता बोटीसारखी दिसते, शेजारीण म्हणते.
म्हणू दे.
रात्री साडेनऊला इथलं ऊन तिरपं येतं,
तेव्हा दारावर चाराचा पाय तेवढा कळतो,
ठाऊक असेल त्यालाच.