एकच व्यक्ती

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून
नोटरी टाइप करतो :
मी, मैथिली सुधाकर निरगुडे, वय अठ्ठावीस, राहणार पेठ रोड,
आणि पदवीवरची निरगुडेओवा
या दोन्ही एकच व्यक्ती आहेत.
"हे ओवा काय?"
तिकडे बाईच्या आडनावाला शेपूट लावतात, मी सांगते.
"जनावरांच्या डॉक्टर ना? मग बरोबर आहे,"
म्हणत शिक्का मारतो.

कोशित्सेत सहा वर्षं.
गाईच्या चारही पोटांची नावं मला
लॅटिनमध्ये येतात, स्लोव्हाकमध्ये येतात,
आणि दिंडोरीची बाई "दगडी झालीये" म्हणाली
तेव्हा मी पोट चाचपत खडा शोधत बसले.
ती बिचारी कास दाखवत होती.
घटसर्प, फऱ्या, तिवा :
वहीच्या मागच्या पानापासून गिरवत आणलं.

परीक्षा झाली. पास झाले.
फाइल नागपूरला गेली, नागपूर म्हणालं दिल्ली,
दिल्लीचा फोन
जेवायच्या सुट्टीत वाजत राहिला.
तोवर खैरनार डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे.
बॅग माझ्या मांडीवर,
सही त्यांच्या खिशात.

जानेवारीत निफाडला पारा चारवर,
द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर,
डॉक्टर सुरतेला लग्नात,
आणि मखमलाबादच्या ठकूबाईची म्हैस
संध्याकाळपासून कण्हतेय.
कायद्याने मी फक्त बॅटरी धरायची.
बॅटरी मी ठकूबाईच्या हातात दिली.

खांद्यापर्यंत हात आत.
वासराची मान मागे वळलेली, नाक सापडेना.
कळ आली की हाडं चेपायची माझी,
कळ गेली की बोटभर जागा.
पोमाली, मी म्हणत होते, पोमाली, पोमाली,
हुडाक सर म्हणायचे तसं.
"काय म्हणतीस गं?"
हळू म्हणतेय.
"मग हळू म्हण की. तिला मराठी येतं."

हळू, म्हटलं. हळू, बाई.

पहाटे रेडा झाला.
रेड्याचे पेढे कोणी वाटत नाही.
ठकूबाईने कढत पाणी दिलं, खोबरेल दिलं,
आणि न विचारता चहात दोन चमचे साखर जास्त.
खैरनारांचा फोन : वार पडली का?
पडली.
"मग रजिस्टरला माझं नाव टाकून ठेव."
टाकलं.

नंबर आला तो मार्च संपताना,
साध्या पाकिटात, एक कोपरा भिजलेला.
दोन वर्षं घोटलेली सही
पहिल्याच कागदावर वाकडी आली,
तारखेतल्या आकड्यांपुढे तिकडच्यासारखी टिंबं पडली.

लसीकरणाला मखमलाबादला गेले.
ठकूबाई म्हणाली, आता झालीस म्हणे खरी डॉक्टर.
मग त्या रात्री कोण आलं होतं?

उत्तर होतं माझ्याकडे,
पाचशेच्या मुद्रांकावर, शिक्क्यासकट.
पण ते बॅगेत तळाशी,
लसींच्या बर्फाखाली.
आणि म्हैस शिंगं झटकत होती,
आधी तिला धरायचं होतं.