हलू नको

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या बाजूला,
तीन काळ्या पात्यांची पिवळी पाटी असलेली खोली माझी.
बावीस वर्षं मी लोकांना एकच सांगतो :
श्वास घे. रोखून धर. हलू नको.
आता सोड.

शुक्रवारी मारामारीचा नवा सिनेमा लागला
की शनिवार-रविवार माझ्याकडे पोरं.
रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही.
'पडला' एवढंच लिहितात.
कुठून विचारलं की म्हणतात, जिन्यावरून.
उदगिरात एवढे जिने नाहीत.

काल मन्मथ आला. बिराजदारांचा, वय सोळा.
बंद जिनिंगच्या पत्र्यावरून
शेजारच्या गोदामाच्या पत्र्यावर.
मधलं अंतर आदल्या दिवशी पावलांनी मोजलेलं,
खाली, जमिनीवर. नऊ पावलं.
पडद्यावरचा तो काचेचं छत फोडून खाली येतो,
कोटावरची धूळ झटकतो
आणि चालू लागतो.
मन्मथनंही कोट आणला होता, काकाच्या लग्नातला,
मे महिन्यात, दुपारी दोनला.
पाय घसरू नये म्हणून चपला काढून ठेवल्या.
पत्रा तापलेला.
तेवढं सिनेमात नव्हतं.

सिस्टरनं बाहीला कात्री लावली
तेव्हा तो पहिल्यांदा रडला.
"काकाचा आहे," म्हणाला.

बाहेर माजिद. भिंतीला टेकून, मोबाइल छातीशी.
मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाला,
"मैं तो खाली मोबाइल पकडा था, चाचा."
सतरा सेकंदांचं आहे. बघितलं मी.
पत्रा, आभाळ, कोट पसरलेला,
खरं सांगायचं तर क्षणभर सुंदरच दिसतो पोरगा.
मग आवाज. मग माजिदच्या चपला, पळणारी जमीन,
आणि त्याचा घोगरा, फुटत चाललेला गळा :
"मन्मथ, उठ ना बे. उठ. कोट झटक."

बोलायला हवं होतं मी दोघांना चार शब्द.
पण माझ्या डाव्या खांद्यावर, शर्टाखाली, एक गाठ आहे.
सत्त्याऐंशी साल, जळकोटची जत्रा, तंबूतला सिनेमा.
पडद्याच्या मागून बघितलं तर तिकीट निम्मं,
आणि मागून बघितलं की सगळेच डावखुरे.
त्यानं डाव्या हातावर उडी झेलली,
मीही झेलली, कडब्याच्या गंजीवरून.
हाडवैद्यानं तिळाचं तेल चोळलं, कामट्या बांधल्या.
जुळलं. वाकडं जुळलं.
बाप म्हणाला, बैलानं ढकललं म्हणून सांग.
अजून तेच सांगतो.

आता म्हणे कमरेला दोऱ्या असतात,
नंतर बसून एकेक पुसून काढतात.
माझ्या मशीनला पुसता येत नाही काही.

रात्री आठला त्याची आई आली, सोजरबाई,
कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ तसंच.
मी निळ्या फिल्म ट्यूबलाइटसमोर धरल्या,
मांडीची, मनगटाची, छातीची.
बराच वेळ बघून म्हणाली,
"साहेब, ह्यात माजं लेकरू कुटं हाय?"
मी बोट ठेवलं. हे हाड. इथं तुटलंय. इथं चीर.
ती माझ्या बोटाकडेच बघत राहिली.
छातीच्या फिल्मवर मधोमध एक पांढरी गोल खूण होती,
गळ्यातली चांदीची लिंगाची डबी,
घाईत काढायची राहिलेली. चूक माझी.
तिथं तिनं पिठाचा हात नेला.
"हां," म्हणाली. "हे वळखलं."

साडेआठला पायाची आणखी एक घ्यायची होती.
"दुखूलालंय का रे?"
"नाही," म्हणाला. ओठ पांढरे.
मग हळूच, "काका, माजिदनं नीट घेतलंय का?"

मी काचेच्या मागे गेलो.
श्वास घे, म्हणालो. रोखून धर. हलू नको.
दाराच्या फटीतून माजिद दिसत होता,
गाल फुगवून, डोळे मिटून, त्यानंही धरलेला.
मशीन वाजलं.
मन्मथला म्हणालो, सोड.
बाहेर जाऊन त्यालाही म्हणायला पाहिजे होतं.
तेवढ्यात पुढचा पेशंट आला.