गळती

मार्चअखेर तितरमारे आला कुलर लावायला,
खांद्यावर खसाच्या ताट्या, गालात खर्रा.
मागच्या भिंतीशी वाकून म्हणाला,
"मॅडम, हे काय उगवलं इथी? खरडून टाकू?"

नको म्हटलं. नेचा आहे तो.
गेल्या उन्हाळ्यात टाकीतून थेंब थेंब झिरपलं
आणि विटांच्या सांध्यात यानं बस्तान मांडलं.
नागपुरात, पंचेचाळीस डिग्रीत,
चार बोटं ओल पुरली त्याला.

"फूल कवा येते याले?"
येत नाही.
"फळ?"
नाही. बीसुद्धा नाही.
फूल ही गोष्ट पृथ्वीला सुचण्याआधीचा आहे तो.
तितरमारेनं खर्रा थुंकला, जरा लांब जाऊन,
घरात वडीलधारं माणूस असावं तसा.

एकतीस वर्षं हेच काढलं मी फळ्यावर
रंगीत खडूनं, पेंगणाऱ्या पोरांपुढं.
आता गुडघे कुरकुरत असताना उकिडवी बसले
आणि कोवळं पान दाखवलं,
स्वतःतच गुंडाळलेलं, अजून न उलगडलेलं.
"वाइंडिंग केल्यावानी," तो म्हणाला.
इतकं नेमकं कुणी पेपरात लिहिलं नव्हतं.

मग जून पान उलटं केलं.
काठाला आतून दुमडलेली तपकिरी शिवण.
"कीड लागली."
सगळेच असं म्हणतात.
कीड नाही रे, हीच त्याची पेरणी,
धुळीहून हलकी.
पण त्या धुळीतून सरळ नेचा येत नाही.
आधी येते एक हिरवी टिकली, बदामाच्या आकाराची,
करंगळीच्या नखाहून लहान,
शेवाळ समजून आपण पुसून टाकतो ती.
तिच्यावर पाण्याचा पापुद्रा हवा.
नर पोहत जातो मादीपर्यंत.
पाणी नाही तर लग्न नाही.

तो काही बोलला नाही.
टाकी बसवली, पंप जोडला, ताट्या भिजवल्या.
गळतीची जागा अंगठ्यानं चाचपली,
एम-सीलची पुडी काढली
आणि परत खिशात ठेवली.
"एवढं गळू द्या. बिलात नाही लावत."

चहा घेऊन निघताना
त्यानं पान पुन्हा उलटवलं,
काठावरून बोट फिरवलं,
बोट पँटीला पुसलं.
आज अजून सहा कुलर होते त्याला.
धरमपेठ, सदर, जरीपटक्यात दोन,
मग महालात दोन, जिथल्या टाक्या,
तो म्हणतो, सगळ्याच गळतात.