कळकलेली बाग

पान आलं तेव्हा दोन काचांमध्ये होतं,
दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका कपाटातून,
साठ वर्षं गाऱ्यांच्या घडीखाली.
नोंदवहीत मी लिहिलं :
मुघल. बादशहा बागेत.
माणसं चार, ससाणा एक.
झाडं – नाहीत.

म्हणजे होती.
आता त्यांच्या जागी भोकं आहेत,
चिनाराच्या पानांएवढी, चिनाराच्या पानांच्याच आकाराची,
कडा तपकिरी, करपल्या पापडासारख्या.
त्या हिरव्याला जंगाल म्हणायचे.
तांब्याचे पत्रे सिरक्यात बुडवायचे,
वर धरलेलं खरवडायचं, डिंकात घोटायचं.
चारशे वर्षं तो रंग कागद खात बसला,
दमट दिवसांत एखादा घास जास्त.

आई बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवू द्यायची नाही.
कळकेल, म्हणायची.
अहवालात मी 'ताम्रजन्य क्षरण' लिहिलं
आणि मनात म्हटलं, बाग कळकली.

बादशहा मात्र धड.
जाम्याचं पांढरं कुठे उललेलं नाही,
अकीकाने घोटलेली सोन्याची किनार
तिरप्या दिव्यात अजून खुशीत आहे.
डोक्यावरचं झाड गेलं
तरी तो तसाच बसलाय, फूल हुंगत.
या चित्रांत ऊन पडत नाही,
त्यामुळे सावली गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

शनिवारी संग्रहालयाचा एसी बंद पडला.
हवेतलं बाष्प एकाहत्तर.
भिंगाखाली एका भोकाच्या काठावर
रंगाची खपली सुटली आणि खाली काहीतरी लिहिलेलं निघालं,
मुंगीच्या पायाएवढं.

मला ती लिपी येत नाही.
इस्माईल तुंगेकरांना फोन केला.
पाकमोडिया स्ट्रीटवर ते लग्नाच्या पत्रिका लिहायचे,
कॉम्प्युटर येईपर्यंत.
आता पुतण्याच्या चष्म्याच्या दुकानात बसतात.
आले, न सांगता हात धुतले,
तोंडासमोर रुमाल धरून वाकले. बराच वेळ.

"सब्ज," म्हणाले. "हिरवं.
उस्तादाने आखून दिलं
आणि पोराला लिहून ठेवलं, इथे हिरवं भर.
तुमच्या फालुद्यातला सब्जा, तोच हा."

खाली हाशियात नाव होतं,
पण मागाहून कुणी बाइंडरने पान कातरून नीट केलं,
त्यात नाव गेलं.
नुसता एक वाव उरलाय, कात्रीतून सुटलेला,
आणि पुढे : एक्केचाळीस दिवस.

"शेवटी वाव," चाचा म्हणाले, "कुणीही असेल.
भोलू, नथू, कालू."
मग रुमाल घडी करत,
"माझंही नाव कधी पत्रिकेवर नसायचं.
मुलीच्या बापाचं असायचं, सोन्याच्या शाईत.
ते माझ्याच हातचं."

मी चहात रंगवलेला जपानी कागद फाडत होते,
कापायचा नसतो, फाडायचा,
म्हणजे तंतू तंतूत बसतात.
मागून गव्हाची खळ, वर वजन.
"आणि हिरवं?" त्यांनी विचारलं.
भरत नाही, म्हटलं. नियम आहे.
जे गेलं ते गेलेलं दिसलं पाहिजे.
"पण हुकूम लिहिलाय ना," म्हणाले, "अजून."

यावर माझ्याकडे काही नव्हतं.
खळीचा ब्रश वाळत होता.
त्यांना काळ्या घोड्यापर्यंत सोडून आले,
त्यांनी रस्ता ओलांडताना माझा दंड धरला होता
आणि त्या बोटांना कंप होता,
जो कागदावर वाकताना मुळीच नव्हता.

परत येऊन पान पेटीत ठेवलं.
नोंदवहीतली ओळ खोडली, झाडं – नाहीत.
लिहिलं : झाडं – सांगून ठेवलेली.
रंगकाम : एक वाव.
बाष्प : एकाहत्तर.